आजारी माणसाला आरोपी करू नका

आपल्या मंडळ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक शिकवण जोरात पसरली आहे. ती थोडक्यात अशी: ख्रिस्ताने वधस्तंभावर पापांबरोबर आजारही वाहून नेले, म्हणून विश्वासी माणसाला आजारी असण्याचे कारणच उरलेले नाही. तरीही कोणी आजारी पडला, तर त्याच्या आयुष्यात कुठेतरी लपवलेले पाप असणार किंवा त्याचा विश्वास तोकडा असणार. ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला गोळ्या-इंजेक्शनांची गरज नाही. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. व्यासपीठावरून ही शिकवण मोठ्या आवाजात सांगितली जाते, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घराघरात पोचते आणि शेवटी एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसते. तिथे ती क्रूर होते. ज्याला गाठ आहे, ज्याला फिट येते, ज्याचा ताप हटत नाही, त्याच्या दुखण्यावर ती अपराधाचेही ओझे लादते.

ही शिकवण पवित्र शास्त्राच्या नावाने दिली जाते, म्हणून तिला पहिले उत्तर शास्त्रातूनच मिळाले पाहिजे. माझे म्हणणे सरळ आहे. बायबल आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही, आणि औषधाला विश्वासाचा वैरीही ठरवत नाही. जे तसे शिकवतात ते वेचक वचने पुढे करतात आणि त्यांच्या आजूबाजूची पाने झाकून ठेवतात.

आधी पापाचा मुद्दा घेऊ. या शिकवणीच्या बाजूने जे आहे ते मान्य करूनच पुढे जायला हवे. अनुवाद ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात आज्ञाभंगाच्या शापांमध्ये रोगराई आहे. मिर्याम मोशेविरुद्ध बोलली आणि तिच्या अंगावर कोड फुटले. अलीशाचा चाकर गेहजी, राजा उज्जीया यांचेही तसेच झाले. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाचा अवमान होतो म्हणून काही जण दुबळे आणि आजारी आहेत, असे पौल लिहितो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी बरा झालेल्या माणसाला येशूने पुन्हा पाप न करण्याची ताकीद दिली. या गोष्टी शास्त्रात आहेत आणि त्या पुसून टाकता येणार नाहीत.

पण त्या नीट वाचा. मिर्याम संदेष्टी होती, उज्जीया सिंहासनावर होता, गेहजी त्या काळच्या सर्वांत मोठ्या संदेष्ट्याच्या घरातला विश्वासू माणूस होता. शिक्षा झाली ती अधिकाराच्या जागेवर बसलेल्यांना: एकाला गर्वाची, एकाला लोभाची, एकीला मत्सराची. करिंथमध्येही पौलाचा राग आहे तो गरिबांना उपाशी ठेवून स्वतः आधी जेवून घेणाऱ्यांवर. या प्रसंगांतून धडा घ्यायचाच असेल तर तो आधी व्यासपीठावरच्यांनी घ्यावा. शिवाय प्रत्येक ठिकाणी कारण सांगणारा कोण आहे, तेही पाहा: स्वतः देव, त्याचा संदेष्टा, प्रेषित किंवा प्रभू. शेजाऱ्याचा आजार बघून त्याचे पाप ओळखण्याचा अधिकार बायबलने कोणत्याही श्रोत्याला दिलेला नाही.

उलट, तो अधिकार कोणी स्वतःहून घेतला तर काय होते, हे सांगण्यासाठी त्यात अख्खा ग्रंथ आहे. ईयोबाच्या अंगभर गळवे उठली तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र भेटायला आले. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढेच त्यांनी बरोबर केले. मग त्यांनी तोंड उघडले, आणि पुढचे कित्येक अध्याय ते एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, अर्थात तू पापी आहेस, कबूल कर. त्यांचे बोलणे ऐकायला धार्मिक वाटते. आजच्या अनेक प्रवचनांत ते जसेच्या तसे शोभेल. पण ग्रंथाच्या शेवटी, ४२ व्या अध्यायात, देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. त्यांनी देवाविषयी योग्य ते सांगितले नाही, असा ठपका देव स्वतः ठेवतो, आणि त्यांना ईयोबाकडूनच आपल्यासाठी प्रार्थना करून घ्यायला लावतो. ज्याला ते पापी ठरवत होते, त्याच्याच प्रार्थनेने ते वाचले.

नव्या करारात हाच प्रश्न येशूपुढे दोनदा आला. जन्मांध माणूस दिसताच शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. योहानाच्या नवव्या अध्यायात येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला बरे करायला घेतले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे समजू नका, असे येशूने बजावले आणि पश्चात्तापाची हाक ऐकणाऱ्यांनाच दिली. संकट पाहिल्यावर स्वतःच्या मनात डोकावायचे, संकटात सापडलेल्याच्या नव्हे, ही त्याची शिकवण आहे. आपल्या प्रार्थनासभांत नेमके याच्या उलट चालले आहे.

आता विश्वासाचा मुद्दा. तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, असे येशूने रक्तस्रावी स्त्रीला सांगितले, आंधळ्या बार्तीमयालाही सांगितले. हे खरेच. म्हणून विश्वासाची थोरवी कोणी कमी करू नये. पण त्यावरून उलटा नियम काढता येतो का? जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी, असा नियम शुभवर्तमानात कुठे आहे? कुठेही नाही. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले, तेव्हा येशूने पाहिला तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. बेथेस्दाचा माणूस ३८ वर्षे पडून होता. त्याला बरे करणारा कोण हेदेखील ठाऊक नव्हते. गेथशेमाने बागेत प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला गेला. येशूला धरायला आलेल्या त्या टोळीतल्या माणसाचा कान येशूने बरा केला. त्याच्याकडे कोणता विश्वास होता? दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि त्यांतला एकच परतून आभार मानायला आला. त्या एकाच्या विश्वासाचे कौतुक झाले, पण बरे तर दहाही झाले होते.

मग एखादा आजारी बरा झाला नाही, असे शुभवर्तमानात घडलेच नाही का? घडले. डोंगराच्या पायथ्याशी एका बापाने आपल्या मुलाला शिष्यांकडे आणले होते. मुलाला झटके येत, तोंडाला फेस येई, तो विस्तवात नाहीतर पाण्यात पडे. शिष्यांना काही जमले नाही. तो बाप पुरता विश्वासीही नव्हता. आपला विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्याने येशूपुढे रडून मांडले. येशूने त्याला परत पाठवले नाही, मुलगा बरा केला. नंतर शिष्यांनी एकांतात विचारले की आम्हाला ते का जमले नाही. मत्तयाच्या १७ व्या अध्यायात उत्तर आहे: तुमच्या अल्पविश्वासामुळे. ज्यांना बरे करता आले नाही, त्यांच्या अल्पविश्वासामुळे. मुलाच्या नाही, बापाच्या नाही.

ही जागा प्रत्येक आरोग्यसभेच्या प्रचारकाने पाठ करावी. तुम्ही हात ठेवला आणि माणूस बरा झाला नाही, तर शास्त्राप्रमाणे विश्वास कोणाचा तपासायचा? याकोबाच्या पत्रातही तेच आहे. पाचव्या अध्यायात तो सांगतो की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ती प्रार्थना वडिलांची आहे. आजाऱ्याने करायचे ते इतकेच, की बोलवायचे. नासरेथात येशूने फारशी सामर्थ्याची कृत्ये केली नाहीत, याचे कारण गावाने त्याला झिडकारले होते. तिथेही थोड्या आजाऱ्यांना त्याने बरे केलेच, हे मार्क नोंदवतो.

तिसरा मुद्दा औषधाचा. इथे राजा आसाचे नाव हमखास घेतले जाते. दुसऱ्या इतिहासाच्या १६ व्या अध्यायात त्याच्या पायांना रोग झाला आणि त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांचा आश्रय घेतला, अशी नोंद आहे. पण त्याच अध्यायाच्या आरंभी आसाने मंदिरातले सोनेरुपे अरामाच्या राजाला देऊन त्याची मदत विकत घेतली आहे, चूक दाखवणाऱ्या द्रष्ट्याला कैदेत टाकले आहे, प्रजेवर जुलूम केला आहे. देवाला सोडून दुसऱ्या आधारांवर भिस्त ठेवण्याचा त्याचा स्वभावच झाला होता, आणि आजारातही तो बदलला नाही. दोष त्या पाठ फिरवण्याला आहे. वैद्याकडे जाणे हाच गुन्हा आहे असे कोणी म्हणत असेल, तर यशया संदेष्ट्याने काय केले ते पाहा. राजा हिज्कीया मरणाला टेकला होता. त्याने प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी १५ वर्षे देऊ केली, आणि हे वचन आणणाऱ्या यशयानेच अंजिरांची चांदकी मागवून गळवावर बांधायला सांगितली. प्रार्थना ऐकली गेली होती, वचन मिळाले होते, तरी लेप लावला गेला. एकाच प्रसंगात दोन्ही आहेत.

हाच धागा पुढे चालतो. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तो वरचेवर आजारी पडे. पौलाने त्याला विश्वास वाढवायला सांगितले नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असा सल्ला दिला. त्या काळात तो घरगुती उपाय होता. लूक वैद्य होता आणि कलस्सैच्या पत्रात पौल त्याला प्रिय म्हणतो. पौलाच्या शेवटच्या कैदेत सोबतीला उरला तो हाच वैद्य. चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर शुश्रूषा केली, दोन दिनार भरले आणि वरचा खर्च परत येताना देण्याचे कबूल केले. येशूने शेजारधर्माचा नमुना म्हणून दाखवलेल्या या माणसाने औषधोपचार केला, रुग्णाची ने-आण केली आणि बिल भरले. कॅथलिक बायबलमधल्या सिराख ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर आजाऱ्याने आधी प्रार्थना करावी आणि मग वैद्याला वाव द्यावा, कारण वैद्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे उघड सांगतो.

काही जण रक्तस्रावी स्त्रीचे उदाहरण देतात. तिने १२ वर्षे वैद्यांच्या हातून हाल सोसले, सारी पुंजी घालवली आणि शेवटी येशूकडे आली. होय, मार्क तसे लिहितो. पण वैद्यांकडे गेल्याबद्दल येशू तिला एका शब्दानेही बोलत नाही; तो तिला मुली म्हणून हाक मारतो. दुखणाइताला लुबाडणे वाईट, एवढे या गोष्टीतून नक्की कळते. आणि तो न्याय दवाखान्याला लागतो तसाच अर्पणाच्या पेटीलाही लागतो.

चौथा आणि सर्वांत मोठा आधार यशयाच्या ५३ व्या अध्यायाचा. त्याच्या माराने आपल्याला आरोग्य मिळाले, म्हणून आजच, इथेच, प्रत्येक विश्वासी माणसाला निरोगी शरीर मिळालेच पाहिजे, असा दावा केला जातो. पेत्राने पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच संदर्भ घेतला आहे. तो कोणाशी बोलतो आहे? कडक धन्यांचा मार खाणाऱ्या दासांशी. त्यांच्या पाठीवरचे वळ नाहीसे होतील असे तो त्यांना सांगत नाही. पापाला मेलेले आणि नीतीने जगणारे व्हा, असे सांगतो. मत्तय हा संदर्भ कफर्णहूमच्या आजाऱ्यांना लावतो, म्हणजे शरीराचे आरोग्यही ख्रिस्ताच्या कार्यात आहे, हे मी आनंदाने मानतो. पण ते पूर्ण कधी होणार? रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आपण शरीराच्या मुक्तीची वाट पाहत अजून कण्हत आहोत. प्रकटीकरणात रडणे आणि क्लेश संपतात ते अगदी शेवटी, नव्या यरुशलेमेत.

तोवर देवाची माणसेही आजारी पडतात, हे बायबल लपवत नाही. इसहाकाची दृष्टी गेली. अहीया संदेष्टा आंधळा झाला. ज्या अलीशाने शुनेमच्या बाईचा मुलगा उठवला आणि ज्याच्या शब्दाने नामान शुद्ध झाला, तो अलीशा स्वतः दुखण्यानेच वारला. मिलिता बेटावर पुब्ल्याच्या बापाचा ताप आणि आमांश पौलाच्या प्रार्थनेने गेला. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असताना मागे ठेवले. एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा अशांचा मान राखा, असे पौलाने फिलिप्पैकरांना कळवले. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली; उत्तर मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे, काटा निघाल्याचे नव्हे. या यादीतल्या एकाला तरी अल्पविश्वासी म्हणायची कोणाची छाती आहे?

करोनाच्या काळात स्तोत्र ९१ चा आधार घेऊन मुखपट्टी, अंतर आणि लस यांना नावे ठेवली गेली. मरीपासून देव राखतो, हे त्या स्तोत्रात आहे. पण त्याच स्तोत्राचा दाखला देऊन मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे येशूला कोणी सुचवले होते? सैतानाने. येशूने ते नाकारले, कारण देवाची परीक्षा पाहणे त्याला विश्वास वाटला नाही. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर तिथेच राहून आजाऱ्यांची सेवा करत होता. मरीपासून पळावे का, या प्रश्नावर लिहिताना त्याने औषध घ्या, घर धुरवा, विनाकारण संसर्गाच्या ठिकाणी जाऊ नका, असाच सल्ला दिला. निष्काळजीपणाला त्याने देवाची परीक्षा म्हटले.

हा वाद केवळ अर्थ लावण्याचा राहिला असता तर मी इतक्या तळमळीने लिहिले नसते. यात जीव जातात. क्षयाच्या रुग्णाला औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते. नेमक्या त्याच वेळी त्याला साक्ष द्यायला उभे करून गोळ्या सोडायला लावले, तर उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परतू शकतात आणि घरातल्या लेकराबाळांनाही गाठू शकतात. साध्या क्षयाला पूर्ण सहा महिने उपचार लागतात. ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन बंद केले तर तो काही दिवसांतच बेशुद्ध होऊन मरू शकतो. फिटची गोळी एकाएकी थांबवली की न थांबणारे झटके येऊ शकतात. अशा वेळी विश्वासाची कसोटी म्हणून औषध सोडायला सांगणारा माणूस मंदिराच्या शिखरावरून दुसऱ्याला ढकलत असतो.

आणि पैशाचे काय? नामान बरा झाल्यावर त्याने देऊ केलेली भेट अलीशाने स्वीकारली नाही. गेहजी मागून धावला, खोटे बोलून दोन किक्कार रुपे आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि नामानाचे कोड त्याला जडले. देवाने बरे केल्याची किंमत वसूल करणाऱ्याला बायबलने दिलेली ही वागणूक आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि पैसे उकळणे हा गुन्हा ठरवला. तो कायदा आपल्या श्रद्धेवरचा हल्ला आहे, अशी ओरड कोणी करत असेल तर त्याने गेहजीची गोष्ट पुन्हा वाचावी.

बायबल खरोखर ज्यांच्या अंगात मुरले, त्यांनी काय उभे केले? चौथ्या शतकात बासिलाने कैसरियात आजारी आणि निराधारांसाठी मोठे शुश्रूषागृह बांधले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. दक्षिण महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या त्याला मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखतात. अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय चालते. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये वेल्लोरला लहानसा दवाखाना उघडला, त्याचे पुढे मोठे वैद्यकीय महाविद्यालय झाले, तिथेच डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठाने आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा चालते केले. ही माणसे प्रार्थना करत होती आणि जखमाही धूत होती. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताची करुणा ओळखली ती बऱ्याच वेळा अशाच एखाद्या दवाखान्याच्या दारात. त्यांच्या नातवंडांना आज गोळी हा अविश्वास आहे असे शिकवले जावे, हे आपल्या मंडळ्यांना शोभत नाही.

मी चमत्कार नाकारत नाही. देव बरे करतो असा माझा विश्वास आहे, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कर्तव्यच आहे. म्हणूनच पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण त्याच्या पापाची चौकशी करू नका. व्यासपीठावरून स्पष्ट सांगा की डॉक्टरांनी थांबवल्याशिवाय कोणीही औषध थांबवू नये. बरे झाल्याची साक्ष डॉक्टरी तपासणीनंतरच द्यायला लावा. येशूनेही शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला लेवीयाच्या नियमाप्रमाणे याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले होते. प्रार्थनेचे पैसे घेऊ नका. आणि जो बरा झाला नाही त्याच्या घरी पुन्हा पुन्हा जा.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे आजाऱ्याला कोणी विचारत नाही की तू बरा का झाला नाहीस. प्रश्न आपल्याला आहे: मी आजारी होतो, तेव्हा तुम्ही आलात का? या प्रश्नाच्या उत्तराची तयारी करा.